मोमो’ज की मोमोज? अपॉस्ट्रॉफीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की रोजचं इंग्रजी लिहिताना तुमचं नेमकं कुठं अडतं. स्पेलिंग येईल, प्रिपोझिशन येईल असं वाटलं होतं, पण बहुतेकांची गाडी त्या एका चिन्हावरच अडलेली, अक्षराच्या डोक्याशी लटकणारा कॉमा, म्हणजे आपला अपॉस्ट्रॉफी. म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. मासिक देवनागरीत निघतं तर इंग्रजी शब्दही देवनागरीतच लिहिलेत, चिन्ह तेवढं जिथल्या तिथं लावून दाखवलंय, सांभाळून घ्या.

ताई, माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक येते अन् म्हणते “मोमो’ज” असंच लिहा, वर तो कॉमा पाहिजेच, नाहीतर बोर्डाला लूक येत नाही. मी लावून देतो. पण परवा एका कॉलेजच्या पोराने बोर्डाचा फोटो काढून हसून दाखवलं. यात चूक काय आहे?
— फ्लेक्सवाले भाऊ, प्रतापनगर

पोरगं हसलं ते बरोबर कारणासाठी हसलं, पण त्याला म्हणा आपल्या नागपुरातल्या बर्डीच्या मेन रोडवर नजर वर करून एक चक्कर मार, हसून हसून पोट दुखेल. “सारी’ज”, “टी अँड स्नॅक’स”, “कोल्ड ड्रिंक’स”, आणि सीझनला हातगाडीवरच्या पुठ्ठ्यावर “ऑरेंज’स”. सगळ्यांचा घोळ एकच आहे. एकाचे अनेक झाले की इंग्रजीत नुसता एस लागतो, वरचं चिन्ह लागत नाही. मोमो एक, मोमोज अनेक, विषय संपला.

ओळखायचं कसं तर मराठीतला “चा-ची-चे” लावून पाहायचा. “टुडे’ज स्पेशल” म्हणजे आजचा स्पेशल, चा बसला, चिन्ह बरोबर. “मोमो’ज” म्हणजे मोमोचं. मोमोचं काय? चटणी? भाव? पुढं काहीच नाही, वाक्य तोंड उघडून उभं. म्हणजे चिन्ह काढायचं. गिऱ्हाईक अडून बसलं तर त्याला हाच प्रश्न विचारा, भाऊ मोमोचं काय लिहू पुढं?

आणि हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका बाप्पा, इंग्लंडात या चुकीला “भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी” असं नावच पडलंय, कारण तिथल्या भाजीवाल्यांच्या पाट्यांवर तो असाच सांडलेला असायचा. त्यातली गंमत म्हणजे अठराव्या शतकात शिकलेसवरलेले इंग्रज स्वतःच शेवटी स्वर असलेल्या परक्या शब्दांचं अनेकवचन असं चिन्ह लावून करायचे, कॉमा’ज, फोलिओ’ज वगैरे. डच भाषेत तर आजही फोटोचं अनेकवचन “फोटो’ज” असंच लिहितात आणि तेच तिथं शुद्ध आहे. त्यामुळं मोमोच्या शेवटी ओ आला की हात आपोआप वर जातो यात लाजण्यासारखं काही नाही, पण इंग्रजी बोर्डावर ते चालत नाही एवढं खरं.

डिसेंबर आला, हिवाळी अधिवेशन लागलं की तुमच्याकडं स्वागताचे बोर्ड येतील, तेव्हा “एमएलए’ज” करू नका, “एमएलएज” करा, एस छोटा ठेवा म्हणजे डोळ्याला खटकणार नाही. पीडीएफ, एटीएम, सीए, सगळ्यांना तेच. १९९० चं दशक लिहितानाही आकड्यापुढं सरळ एस. सूट आहे ती एकाच ठिकाणी, सुटी अक्षरं मोजायची असली तर. “आय’ज” म्हणजे दोन-चार आय, तिथं चिन्ह नसलं तर नुसतं “इज” असं वाचलं जाईल. पण असा बोर्ड तुमच्याकडं कोण छापायला येतंय?

मी स्पर्धा परीक्षांची तयारी करून राहिलो. इट’स आणि इट्स यात दरवेळी मार्क जातात. क्लासचे सर म्हणतात पाठ कर. पाठ करतो अन् पेपरात नेमकं उलटंच होते. काहून होते असं?
— एक विद्यार्थी, नंदनवन

कारण तुझं डोकं नीट चालतंय म्हणून होतं. रामचा म्हणजे “राम’स”, मग त्याचा म्हणजे “इट’स”, असा हिशोब तू लावतोस आणि तो हिशोब दिसायला अगदी सरळ आहे. इंग्रजांनीही तोच लावला होता. सतराव्या-अठराव्या शतकात कितीतरी शिकलेले लोक मालकीसाठी “इट’स” लिहायचे. अमेरिकेची राज्यघटना १७८७ ची ना, तिच्या पहिल्या आर्टिकलच्या दहाव्या सेक्शनमध्ये राज्याच्या तपासणी कायद्यांबद्दल लिहिताना “इट’स” असंच चिन्ह लावून लिहिलंय, आजच्या नियमानं सरळ चूक, आणि ती मूळ प्रतीत अजून तशीच आहे. तेव्हा तुझा एक मार्क गेला तर फार मनाला लावून घेऊ नको.

आता पाठ न करता लक्षात कसं ठेवायचं ते सांगते. आपण रामचा म्हणतो, शाळेचा म्हणतो, पण मीचा म्हणतो का? तूचा म्हणतो का? नाही, माझा आणि तुझा हे शब्द तयारच मिळतात, त्यांना वेगळा चा जोडावा लागत नाही. त्याचा-तिचा मध्ये चा दिसतो हे खरं, पण तू माझा-तुझाच डोक्यात ठेव. इंग्रजीत सर्वनामांचं सगळं खानदान असं आहे, हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स आणि इट्स. सगळे रेडीमेड. एकालाही वर चिन्ह नाही. हिजला कोणी चिन्ह लावत नाही, मग इट्सला कशाला?

उरलं “इट’स”, तर ते दरवेळी “इट इज” किंवा “इट हॅज”चं आखडलेलं रूप असतं, दुसरं काही नसतंच. म्हणून पेपरात चिन्ह दिसलं की ते मोडून मनातल्या मनात पूर्ण वाच. “नागपूर मेट्रो अँड इट्स स्टेशन्स” यात “इट इज” घालून पाहा, नागपूर मेट्रो आणि ती आहे स्टेशन्स, हसू येतं ना, मग चिन्ह नको. “इट’स हॉट इन मे” यात “इट इज हॉट” बरोब्बर बसतं (मे महिन्यात नागपुरात राहणाऱ्याला हे वाक्य वेगळं समजवावं लागू नये), मग चिन्ह पाहिजे.

हीच चाचणी “यू’र” आणि “युअर”ला लाव, “हू’ज” आणि “हूज”ला लाव. हू इज किंवा हू हॅज बसलं तर चिन्ह, नाही बसलं तर कोणाचा, म्हणजे चिन्हाशिवाय, आणि स्पेलिंगही वेगळं, शेवटी एस-ई. आणि मोबाईलवर सराव करत असशील तर ऑटोकरेक्टवर भरवसा ठेवू नको, तो वेलचं “वी’ल” करून टाकतो, “इट्स” बरोबर लिहिलं तरी वर चिन्ह चिकटवून देतो आणि आपल्याला वाटतं मशीन म्हणते तर खरंच असेल.

“डोन्ट”मध्ये चिन्ह ओ नंतर की एन नंतर? आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन्ही चालून राहिलंय.
— एक क्लार्क, सिव्हिल लाइन्स

एन नंतर, टीच्या आधी. जिथलं अक्षर गळलं तिथं चिन्ह बसतं, आणि “डू नॉट”मधून गळलाय तो नॉटमधला ओ. हे काम आपल्याला नवीन नाही. संस्कृतात “सः अहम्”चं सोऽहम् झालं की मधला अ जातो आणि त्याच्या जागी तो एससारखा अवग्रह बसतो, अगदी तेच. “वोन्ट”मध्ये मात्र काय गळलं ते शोधत बसू नका, ते “विल नॉट”वरून नाही तर विलच्या जुन्या “वोल” या रूपावरून आलंय, तिथंही चिन्ह एन आणि टीच्या मध्येच.

मी शाळेत शिकवते. पाच सप्टेंबरच्या बॅनरवर दरवर्षी वाद होतो. कोणी “टीचर’स डे” म्हणतं, कोणी “टीचर्स’ डे”, मुख्याध्यापक म्हणतात चिन्हच काढा, भांडण नको. बरोबर काय?
— एक शिक्षिका, महाल

बाई, याचं उत्तर तुम्ही रोज फळ्यावर लिहिता. “शिक्षकाचा दिवस” आणि “शिक्षकांचा दिवस” यात फरक कशाचा आहे? एका टिंबाचा. टिंब नाही तर एक शिक्षक, टिंब आहे तर सगळे शिक्षक. इंग्रजीत तेच काम चिन्हाची जागा करते. एसच्या आधी, “टीचर’स”, म्हणजे शिक्षकाचा. एसच्या नंतर, “टीचर्स’”, म्हणजे शिक्षकांचा. तो दिवस काही एकट्या मुख्याध्यापकांचा नाही (त्यांना तसं वाटत असलं तरी), म्हणून “टीचर्स’ डे”. आधी मराठीत वाक्य म्हणा, टिंब आलं की चिन्ह एसच्या बाहेर ढकला.

याच हिशोबानं होस्टेलच्या पाट्या तपासा. “बॉय’ज होस्टेल” म्हणजे एका मुलाचं होस्टेल, एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये एकटाच पोरगा राहतो म्हणायचं. पाहिजे “बॉईज’ होस्टेल”. “गर्ल’स होस्टेल”चंही तसंच.

पण एक फाटा आहे, तो नीट पाहून घ्या. ज्या शब्दांचं अनेकवचन एस न लावता होतं, चाइल्डचं चिल्ड्रन, वुमनचं विमेन, मॅनचं मेन, ते आधीच अनेक झालेले असतात, त्यांना एस फक्त चा साठी लागतो, म्हणून चिन्ह एसच्या आधी. “चिल्ड्रन’स डे”, “विमेन’स डे”, “मेन’स वेअर”. आठ मार्चच्या बॅनरवर “विमेन्स’” दिसलं तर तिथं टिंबाचा नियम जरा जास्तच उत्साहानं लावलाय असं समजायचं.

आणि “मदर’स डे”? जगातल्या सगळ्या आयांचा दिवस, म्हणजे टिंब येतं, म्हणजे “मदर्स’” पाहिजे, असं तुमच्यातली एखादी हुशार सहावीची मुलगी नक्की विचारेल. तर हा दिवस अमेरिकेत ज्यांनी सुरू केला त्या ॲना जार्व्हिस बाईंनी मुद्दाम चिन्ह एसच्या आधी ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, प्रत्येकानं आपापल्या एका आईचा दिवस साजरा करावा, सरसकट सगळ्या मातांचा नाही. १९१२ मध्ये त्यांनी ते नाव त्या चिन्हासकट नोंदवूनच टाकलं होतं. नियमापेक्षा बाई खमकी निघाली.

मुख्याध्यापकांचा उपाय मात्र अगदीच वाईट नाही हो. अमेरिकेत माजी सैनिकांचा दिवस असतो, “व्हेटरन्स डे”, तो सरकारी कागदावर चिन्हाशिवायच लिहितात. पण शाळेच्या बॅनरवर मी तरी चिन्ह लावून, बरोबर जागी लावून, पोरांना का ते विचारायला लावेन.

नवीन फ्लॅट घेतला, दारावर पाटी लावायची आहे. मी म्हणतो “द देशपांडे’ज”, बायको म्हणते चिन्ह काढा. तिचं ऐकू का?
— एक नवरोबा, बेसा

ऐका. आत राहणारे सगळे देशपांडे मिळून “द देशपांडेज”, हे साधं अनेकवचन झालं, चिन्ह नको. “देशपांडे’ज” म्हणजे एका देशपांडेचं, मग बाकीचे घरात भाड्यानं राहतात का असं विचारायला वाव राहतो. देशपांड्यांचं घर असंच म्हणायचं असेल तर “देशपांडेज’”, चिन्ह एसच्या बाहेर, पण पाटीवर ते शेवटी लटकलेलं चिन्ह बघून निम्मे पाहुणे म्हणतील पितळेवर ओरखडा पडलाय. मराठीत नुसतं “देशपांडे” लिहिलं तर वादच नाही, सुचवून पाहते आपलं.

पण मग हल्दीराम’स आणि मॅकडोनाल्ड’समध्ये चिन्ह कसं? ते चूक आहेत का?
— तोच नवरोबा, बेसा

आलं लक्षात, बायकोला दाखवायला मुद्दा शोधून राहिले. ते चूक नाहीत, तिथं चा आहे. हल्दीरामचं (दुकान), मॅकडोनाल्डचं (हॉटेल), पुढचा शब्द गिळलाय एवढंच. पण ब्रँडच्या नावावर व्याकरणाचा हुकूम चालत नाही, ज्याचं नाव त्याची मर्जी. स्टारबक्सला चिन्ह नाही, लंडनच्या हॅरॉड्सला नाही. इंग्लंडातल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ मध्ये नावातलं चिन्ह काढून टाकलं, वेबसाइटच्या पत्त्यात आणि ईमेलमध्ये ते अडचणीचं होतं असं त्यांचं म्हणणं, त्यावर तिथं चांगलाच गहजब झाला होता.

आमचं आडनाव दास. कंपनीच्या लेटरहेडवर “दास’ ऑफिस” की “दास’स ऑफिस”?
— सीए, रामदासपेठ

दोन्ही चालतं, खरंच. व्यास, श्रीवास, सगळ्या एसवाल्या आडनावांचं हेच. मला स्वतःला “दास’स” आवडतं, कारण आपण बोलतानाही दोन वेळा एस उच्चारतो. पण यावर एकमत कुणाचंच नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात कॅन्सस राज्याचा एक खटला होता, त्यात निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी कॅन्ससपुढं नुसतं चिन्ह लावलं आणि त्याच खटल्यात विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी चिन्ह लावून वर आणखी एक एस लावला. कोर्टाचं जिथं जमलं नाही तिथं तुम्ही एक पद्धत पकडा आणि सगळ्या कागदावर तीच ठेवा, अर्धं इकडं अर्धं तिकडं करू नका.

मिहानमधल्या एका कंपनीला रेझ्युमे पाठवतेय. “फाईव्ह इयर्स एक्सपीरियन्स”ला चिन्ह लागतं म्हणे?
— मनीषनगर

लागतं. पाच वर्षांचा अनुभव, टिंब आलं, “इयर्स’”, एसच्या बाहेर. एकच वर्ष असेल तर “वन इयर’स”. नकोच असेल तर “फाईव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स” लिहा, “ऑफ” आला की चिन्हाची गरज संपते. डिग्रीचंही असंच, “मास्टर’स डिग्री”ला चिन्ह आहे, “मास्टर ऑफ सायन्स”ला ना चिन्ह ना एस, आणि “मास्टर’स ऑफ सायन्स” ही खिचडी मात्र कुठंच चालत नाही आणि रेझ्युमेत तीच सगळ्यात जास्त शिजते. ऑल द बेस्ट.

आमच्या आडनावातच अपॉस्ट्रॉफी आहे, डी’सूझा. ऑनलाइन फॉर्म भरला की लाल अक्षरात “इनव्हॅलिड” येतं. नाव आमचं, अन् इनव्हॅलिड आम्हीच?
— सदर

राग अगदी बरोबर आहे. गोची अशी की कॉम्प्युटरच्या डेटाबेसची जी भाषा असते, एसक्यूएल, तिच्यात मजकूर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे दाखवायला हेच चिन्ह वापरतात. डी नंतर चिन्ह आलं की मशीनला वाटतं नाव इथंच संपलं, आणि पुढचा “सूझा” म्हणजे काहीतरी हुकूम आहे. याच फटीतून हॅकर लोक आत शिरायचे, म्हणून घाबरून कितीतरी फॉर्म बनवणाऱ्यांनी ते चिन्हच बंद करून टाकलं. नीट प्रोग्राम लिहिला तर असं करायची काहीच गरज नसते, हा सरळसरळ आळस आहे आणि भोगतात आडनाववाले.

पासपोर्टच्या खाली ज्या दोन ओळी मशीननं वाचायच्या असतात, तिथं आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की चिन्ह गाळायचं आणि अक्षरं जोडून लिहायची. तेव्हा फॉर्म अडला तर तुम्हीही चिन्ह गाळून जोडूनच लिहा, मध्ये स्पेस सोडू नका, नाहीतर नुसता “डी” मिडल नेम होऊन बसतो आणि मग तिकीट एक नावाचं, ओळखपत्र दुसऱ्या नावाचं.

इतका त्रास आहे तर हे चिन्ह एकदाचं काढून का टाकत नाहीत?
— एक निवृत्त वाचक, लक्ष्मीनगर

काका, प्रयत्न झालेत. बर्नार्ड शॉ “डोन्ट”, “कान्ट” वगैरे चिन्हाशिवायच लिहायचे, त्यांना ही चिन्हं म्हणजे कागदावरचे जंतू वाटायचे. अमेरिकेत जागांची अधिकृत नावं ठरवणारं मंडळ १८९० पासून आहे, ते मालकीचं चिन्ह नावात येऊच देत नाही, मार्थाज व्हिनयार्डसारखे मोजके अपवाद सोडून. लंडनच्या मेट्रोवर तर “अर्ल’स कोर्ट” स्टेशनला चिन्ह आहे आणि लगेच पुढच्या “बॅरन्स कोर्ट”ला नाही, लोक दोन्हीकडं चढतात-उतरतात, कोणाची गाडी चुकत नाही.

दुसऱ्या बाजूलाही माणसं आहेत. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये इंग्लंडात अपॉस्ट्रॉफी वाचवायला चक्क संस्था काढली, दुकानदारांना नम्र पत्रं लिहायचे की साहेब तुमच्या पाटीवर एवढं दुरुस्त करा. २०१९ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी संस्था बंद केली आणि अज्ञान व आळस जिंकले असं सांगून टाकलं. पुढं २०२१ मध्ये ते गेले, संस्था नंतर दुसऱ्यानं चालवायला घेतली.

माझं मत विचाराल तर व्हॉट्सॲपवर गेलं चिन्ह तर जाऊ द्या, अर्थ कळतोच, तिथं कोणाला दुरुस्त करत बसू नका, नातेवाईक तुटतील. पण नोकरीचा अर्ज, लग्नाची इंग्रजी पत्रिका, दुकानाचा बोर्ड, जे छापून राहणार आहे तिथं बघूनच लावा. नको तिथं लावण्यापेक्षा न लावलेलं बरं, कारण राहून गेलेलं चिन्ह फार कोणाच्या नजरेत येत नाही, उगाच लावलेलं लांबून दिसतं.

वर्डमध्ये “’९०ज” टाईप केलं की सुरुवातीचं चिन्ह उलटं होऊन बसतं. कसं सुलटं करू?
— डीटीपी ऑपरेटर, इतवारी

वर्डला वाटतं तुम्ही अवतरण चिन्ह उघडून राहिले, म्हणून तो त्याचं तोंड फिरवतो. इथं मात्र १९ गळलाय, म्हणजे अपॉस्ट्रॉफीच पाहिजे, इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी शेपटी खाली आलेली. ती कळ लागोपाठ दोनदा दाबा, पहिलं चिन्ह उलटं येईल, दुसरं सुलटं, मग पहिलं खोडून टाका.